मांजराने पकडलेला सरडा वरून धडधाकट दिसतो, तरी दोन दिवसांत का मरतो? अशा वेळी नेमकं काय करायचं?

दुपारची वेळ. मांजर खिडकीतून आत उडी मारतं, तोंडात काहीतरी वळवळत असतं. हॉलच्या मधोमध ते खाली ठेवतं आणि घरच्यांकडे अशा रुबाबात बघतं, जणू महिन्याचा पगार आणून दिलाय. जवळ जाऊन बघावं, तर सरडा! कधी पाल, कधी सापसुरळी. (आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात आणि सापसुरळीला सापाची मावशी. म्हणजे एका मावशीने दुसऱ्या मावशीला धरलेलं असतं.)

मग घरात दोन तट पडतात. एक जण केरसुणी आणि सुपली शोधायला पळतो, दुसरा म्हणतो, "अरे थांब, जिवंत आहे, वाचवू या." हा लेख त्या दुसऱ्यासाठी.

बहुतेक वेळा पुढे होतं ते असं. मांजराला बाजूला केलं जातं, सरडा उलटसुलट करून बघितला जातो, रक्त कुठेच दिसत नाही. 'चला, वाचला बिचारा' म्हणत त्याला कंपाउंडमध्ये सोडून दिलं जातं. तोही तुरुतुरु पळतो. सगळ्यांना बरं वाटतं. पण दोन-चार दिवसांनी तोच सरडा एखाद्या कुंडीमागे मरून पडलेला असू शकतो, आणि ते बघायला कोणी गेलेलं नसतं.

जखम दिसत नाही, हीच अडचण

मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. कुत्रा चावला की मांस फाटतं, जखम ढळढळीत दिसते. मांजराचा दात मात्र सुईसारखा सरळ आत जातो आणि तसाच बाहेर येतो. कातडीवर उरतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. सरड्याच्या खवल्यांमध्ये तर तोही सापडत नाही. वरचं छिद्र लवकर मिटतं आणि दाताबरोबर आत गेलेले जंतू आतच कोंडले जातात.

हे जंतूही साधेसुधे नसतात. अगदी निरोगी, लाडाकोडाच्या, रोज महागडं खाणं खाणाऱ्या मांजराच्या तोंडातही 'पाश्चुरेला मल्टोसिडा' नावाचा जिवाणू बहुधा असतोच. मांजराला त्याचा काही त्रास नाही. पण दुसऱ्याच्या शरीरात तो गेला की संसर्ग झपाट्याने पसरतो. माणसाच्या हाताला मांजर कडकडून चावलं, तर एका दिवसाच्या आत हात सुजून लाल होऊ शकतो आणि डॉक्टर लगेच अँटिबायोटिक सुरू करतात, ते याचमुळे. साठ-सत्तर किलोच्या माणसाची ही गत, तर काही ग्रॅम वजनाच्या पालीचं काय होत असेल?

त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची आणखी एक गोची आहे. आपल्या जखमेतला पू पातळ असतो, वाहून जातो. त्यांचा पू पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो. तो वाहत नाही, आतच गाठ होऊन बसतो. त्यामुळे 'होईल आपोआप बरं' हे इथे फारसं चालत नाही. मांजराने तोंडात धरलेला प्राणी दात लागलाय असं समजूनच हाताळायचा, हा जगभरच्या वन्यजीव उपचार केंद्रांचा साधा नियम आहे.

आधी पेशंट कोण ते ओळखा

मांजराच्या तावडीत सापडणारे आपल्याकडचे प्राणी मुख्यतः तीन. भिंतीवरची पाल, बागेतला सरडा आणि गवतातली चकचकीत अंगाची सापसुरळी. तिघांपैकी एकही विषारी नाही. पाल विषारी असते हा समज तर इतका घट्ट बसलाय, की पाल अंगावर पडल्याचं फळ पंचांगात बघणारी घरंही अजून आहेत. पालीच्या अंगात विष नसतं. तिच्या विष्ठेत साल्मोनेला हा जंतू असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, एवढंच.

ओळख पटवायची ती शेपटीसाठी. पाल आणि सापसुरळी संकटात स्वतःची शेपटी स्वतःच तोडून टाकतात. त्यांच्या शेपटीच्या मणक्यांमध्ये जणू आधीच पाडून ठेवलेल्या फटी असतात. स्नायू आवळले की शेपटी तिथून सुटते, रक्तवाहिन्याही आवळल्या जातात आणि रक्त जेमतेम येतं. तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते, मांजर तिच्याशी खेळत बसतं आणि मालकीण निसटते. दोन-तीन महिन्यांत नवी शेपटी येते, फक्त तिच्यात मणके नसतात, कूर्चेची नळी असते. म्हणून ती थोडी वेगळी, बोथट दिसते. घरातल्या पाली नीट बघितल्या, तर अशी डुप्लिकेट शेपटी वागवणारी एखादी तरी सापडेलच.

म्हणजे नुसती शेपटी गेलेली पाल घाबरवणारी असली, तरी बहुतेकदा ती गंभीर पेशंट नसते. तुटलेल्या जागी पट्टी बांधू नये, हळद भरू नये, काहीही लावू नये. शेपटीत तिची चरबी साठवलेली असते, त्यामुळे पुढचे काही आठवडे तिला नेहमीपेक्षा जास्त किडे लागतात. त्यांची सोय बाहेरचा ट्यूबलाइट करतो.

सरड्याचं तसं नाही. बागेतला सरडा शेपटी टाकत नाही आणि ती तुटली तर पुन्हा येतही नाही. त्याची शेपटी तुटलेली दिसली, तर ती मांजराने ओरबाडून तोडलेली असते आणि तो खरोखरचा अपघात असतो. (आपला हा मराठी 'सरडा' २०१६ मध्ये थेट शास्त्रीय नावात जाऊन बसला, हे अनेकांना माहीत नसतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सापडणाऱ्या रंगीत गळ्याच्या सरड्याचं नाव आहे 'सरडा सुपर्बा'.)

चौथी घोरपड. मोठ्या घोरपडीच्या वाटेला मांजर जात नाही, पिल्लू मात्र सापडू शकतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तिला घरी ठेवून उपचार करत बसणं हा विषयच नाही. वर एखादी टोपली उपडी टाकायची, मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडायचं आणि वनविभागाला फोन करायचा. महाराष्ट्रात वनविभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. तिच्या जवळ हात नेऊ नका, चावा आणि नखं दोन्ही जबरदस्त असतात.

पहिला अर्धा तास

आधी सोडवणं. मांजराच्या तोंडातून सरडा ओढायचा नाही. ओढलं की मांजर जबडा आणखी आवळतं, आणि दातात धरलेली कातडी फाटते. खाऊची पिशवी खुळखुळवा, टाळी वाजवा किंवा टॉवेल अंगावर टाका. शिकार खाली पडली की मांजराला उचलून वेगळ्या खोलीत ठेवा आणि दार लावा. या गडबडीत मांजराने तुम्हालाच ओरबाडलं किंवा चावलं, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, रेबीजच्या लशीसह. सरड्या-पालींना रेबीज होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा रोग. पण मांजर सस्तनच आहे.

सरडा हातात घ्यायचा तो मऊ सुती फडक्यात, पोटाखालून आधार देऊन. शेपटीला धरायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच. पुठ्ठ्याचा बुटांचा खोका सर्वात उत्तम. झाकणाला पेनाने भोकं पाडा, तळाशी किचन टिश्यू किंवा दोरे न निघणारं जुनं सुती कापड घाला. कापूस नको, तो जखमेला चिकटतो आणि बोटांत गुंततो. खोका अंधारात, शांत जागी ठेवायचा. टीव्हीशेजारी नाही, मुलांच्या घोळक्यात नाही. अंधार हे इथे औषधच आहे. भीतीने निम्मा मेलेल्या प्राण्याला दर पाच मिनिटांनी झाकण उघडून 'जिवंत आहे का' बघणं हा छळ होतो.

खोक्यात ठेवण्याआधी एकदाच, पण नीट तपासून घ्या. मोबाइलचा टॉर्च लावा आणि कॅमेरा झूम करून दोन्ही बाजू, पोट, मान आणि काखा यांचे फोटो काढा. टाचणीएवढी छिद्रं डोळ्यांपेक्षा फोटोत लवकर सापडतात, आणि हेच फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवता येतात. छिद्र एक दिसलं, तर दुसरं समोरच्या बाजूला शोधा, कारण जबडा दोन्हीकडून मिटतो. तोंडातून रक्त किंवा बुडबुडे येणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मागचे पाय फरफटत असणं, पोट फाटलेलं असणं, उताणा केल्यावर सरळ होता न येणं यांतलं काहीही दिसलं, तर पुढचं सगळं वाचणं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

आणि निपचित पडलाय म्हणजे मेलाय, असं लगेच ठरवू नका. कित्येक सरडे आणि पाली शिकाऱ्यासमोर मेल्याचं सोंग घेतात. थंडीत गारठलेली पालही लाकडासारखी पडून राहते. खोक्यात उबेला ठेवून दोन-तीन तासांनी बघा. अनेकदा 'मयत' कोपऱ्यात जाऊन डोळे वटारून बसलेलं असतं.

ऊब का महत्त्वाची?

माणसाला संसर्ग झाला की अंगात ताप चढतो. ताप हा शरीराचा जंतूंशी लढण्याचा मार्ग आहे. पण सरड्याचं रक्त थंड, म्हणजे त्याच्या शरीराची उष्णता बाहेरून येते. मग तो आजारी पडला की ताप कसा आणणार?

याचं उत्तर अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४-७५ मध्ये शोधलं. त्यांनी वाळवंटी इग्वानांना जंतूंचा संसर्ग केला आणि एका टोकाला गार, दुसऱ्या टोकाला गरम अशा जागेत सोडलं. आजारी इग्वाना नेहमीपेक्षा गरम जागा निवडून तिथे जाऊन बसले. म्हणजे ताप अंगात चढला नाही, त्यांनी तो चालत जाऊन मिळवला! पुढच्या प्रयोगात त्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानात ठेवलं, तेव्हा जितकी पेटी उबदार, तितके जास्त प्राणी जगले.

जखमी सरडा एसीच्या खोलीत, फरशीवर किंवा थंडीतल्या रात्री बाल्कनीत ठेवला, तर त्याची लढायची ताकदच काढून घेतल्यासारखं होतं. त्याचं पचन मंदावतं, औषधही नीट काम करत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली किंवा एका कडेला टेकवा. अर्धा खोका उबदार, अर्धा साधा. कुठे बसायचं ते त्याला ठरवू द्या. उबदार बाजूला २८ ते ३० अंश पुरेसे आहेत, आपल्या पालीला वाळवंटी इग्वानाचं तापमान द्यायचं नाही. मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात बाटलीची गरजच नाही. आणि बंद खोका उन्हात ठेवणं तर कधीच नको, आतला प्राणी काही मिनिटांत भाजून निघतो.

घरातली औषधपेटी बंदच ठेवा

आपल्याकडे प्रेमापोटी होणारे अपघात इथेच होतात. डेटॉल थेट ओतलं जातं, हळद दाबून भरली जाते, कोणी हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस काढतं. या सगळ्याने उघडी जखम पोळते. जखम धुवायचीच असेल, तर मेडिकलमध्ये मिळणारं सलाइन किंवा उकळून थंड केलेलं पाणी बिनसुईच्या सिरिंजमधून हलक्या हाताने सोडा. बीटाडीन वापरायचंच, तर पाण्यात इतकं पातळ करायचं की रंग फिकट चहासारखा दिसला पाहिजे. छिद्र छातीवर किंवा पोटावर असेल, तर पाणीही सोडू नका, ते आत जाऊ शकतं.

माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत. पाल काही ग्रॅमची, सरडा त्याहून थोडा मोठा. पॅरासिटामॉलचा चतकोर तुकडा म्हणजे त्यांच्यासाठी डोंगर. वेदनाशामक मिसळलेली मलमंही त्याच यादीत.

तोंडात दूध, पाणी, ग्लुकोज थेंबथेंब घालण्याचा मोहही आवरा. सरड्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. जबरदस्तीने पाजलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. बाटलीच्या बुचात पाणी ठेवा आणि खोक्याच्या एका भिंतीवर हलका फवारा मारा. पाली आणि सरडे असे थेंब चाटून पितात. पहिल्या दिवशी खायला देऊ नका. गारठलेल्या, घाबरलेल्या प्राण्याच्या पोटात अन्न पचत नाही, सडतं.

डॉक्टर काय करतात?

इथे खरं काम होतं आणि म्हणूनच हा टप्पा टाळू नये. दात लागल्याची खात्री किंवा दाट शंका असेल, तर पहिल्या २४ तासांत अँटिबायोटिक सुरू झालेलं बरं. सरपटणाऱ्या प्राण्यांना बहुधा इंजेक्शन देतात. सेफ्टाझिडिमसारखं औषध त्यांच्या शरीरात इतका वेळ टिकतं, की ते साधारण तीन दिवसांतून एकदाच द्यावं लागतं. इंजेक्शन शक्यतो शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडांकडे वळू शकतं. डोस वजनावरून मिलिलिटरच्या अगदी छोट्या अंशात काढावा लागतो. इंटरनेटवर डोस शोधून घरी सुई टोचण्याचा हा विषय का नाही, ते यावरून कळेल.

अडचण अशी, की कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरडे बघत नाहीत. आधी फोन करून विचारा, "तुम्ही एक्झॉटिक किंवा सरपटणारे प्राणी बघता का?" नाही म्हटलं, तर १९२६ आहेच. नागपुरात सेमिनरी हिल्सला आणि पुण्यात बावधनला वनविभागाशी जोडलेली वन्यजीवांची ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर्स आहेत. सर्पमित्रांच्या स्थानिक ग्रुपलाही जवळचा योग्य डॉक्टर सहसा माहीत असतो.

'पालीसाठी कोण डॉक्टरकडे जातं?' असं कोणी म्हणेल, त्याला घाबरू नका. पण दुसरी बाजूही खरी आहे. सगळं नीट करूनही काही प्राणी जातात. मणका तुटलेला किंवा पोटातले अवयव बाहेर आलेला प्राणी वाचवण्यापेक्षा त्याला शांतपणे मरण देणं अधिक दयाळूपणाचं ठरतं, आणि तेही डॉक्टरांनीच इंजेक्शनने करायचं. फ्रीजरमध्ये ठेवला की झोपेतच जातो, असा सल्ला सोशल मीडियावर फिरतो. पशुवैद्यक तो मान्य करत नाहीत.

सोडायचं कधी आणि कुठे?

नुसती शेपटी गेलेली, अंगावर कुठेही छिद्र नसलेली, भिंतीवर सरसर चढणारी पाल त्याच संध्याकाळी सोडता येते. ती निशाचर, तिला अंधार पडतानाच सोडायचं, भिंतीवर मांजराची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर. सरडा दिवसाचा प्राणी, त्याला सकाळी ऊन आल्यावर सोडा, म्हणजे अंग शेकून तो पळायला तयार होतो. औषध चालू असेल, तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत थांबा. दोघांनाही जिथे पकडले गेले त्याच परिसरात सोडायचं. लपायच्या जागा आणि खाण्याची ठिकाणं त्यांना तिथली माहीत असतात, दूरच्या 'छानशा' बागेत ते परके असतात.

आणि बरा झाला म्हणून बरणीत पाळायचा नाही.

राहिलं मांजर. त्याला रागावून, मारून उपयोग नाही, ते भूक नसतानाही शिकार करतं. पण हा प्रश्न एका घरापुरताही नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार तिथली मांजरं वर्षाला सुमारे ६५ कोटी सरपटणारे प्राणी मारतात, त्यांपैकी सुमारे ५.३ कोटी पाळीव मांजरांच्या नावावर आहेत. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये एक्सेटर विद्यापीठाने पाळीव मांजरांवर प्रयोग केला. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी ३६ टक्क्यांनी घटल्या. मालकांनी रोज पाच-दहा मिनिटं पिसाच्या काठीने वगैरे खेळवलं, तर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीने मात्र काही विशेष फरक पडला नाही. हे आकडे मुख्यतः उंदीर आणि पक्ष्यांचे असले, तरी खेळवायला पैसे लागत नाहीत.

मांजराच्याही फायद्याचं एक कारण आहे. उष्ण प्रदेशांत पाली आणि सरडे खाणाऱ्या मांजरांच्या यकृतात 'प्लॅटिनोसोमम' नावाचा चपटा कृमी शिरतो. गोगलगाय, मग ओलसर जागेतले किडे, मग पाल, मग मांजर असा त्याचा प्रवास. मांजर खाणं सोडून मलूल झालं आणि डोळे-हिरड्या पिवळ्या दिसू लागल्या, तर डॉक्टरांना 'ते पाली खातं' हे आवर्जून सांगा.

सरडा सोडल्यावर निदान तीन-चार दिवस मांजराला त्या बाजूच्या खिडकीतून बाहेर जाऊ देऊ नका. जाळी लावता आली, तर आणखी बरं. पावसाळ्यात तर लावाच, कारण याच दिवसांत सरड्यांची मादी माती उकरून अंडी घालायला झाडावरून खाली उतरते आणि तेव्हा तिचं लक्ष मांजराकडे नसतं.